नाणे चालते म्हणजे काय?

प्रथम वर्षाला अर्थशास्त्र घेतले तेव्हा पैशाची व्याख्या मी तोंडपाठ केली होती. परीक्षेत तिच्यावर गुणही चांगले पडले. परंतु पैसा ही काय चीज आहे, हे मला थोडेफार कळू लागले ते गेल्या पावसाळ्यात. त्या दिवशी मी एका खिडकीसमोर उभा होतो आणि माझ्या हातातल्या कापडी पिशवीत दहा-दहा रुपयांची एकशे छत्तीस नाणी होती.

माझी माय पारोळ्याच्या बाजारात भाजी विकते. आप्पा हंगामात शेतमजुरीला जातात, एरवी तिच्यासोबत तराजू सांभाळतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. बाजारात दहा रुपयांच्या नाण्याची काय गत आहे, हे वाचकांपैकी अनेकांनी अनुभवले असेल. किराणा दुकानदार ते घेत नाही, रिक्षावाला घेत नाही. पहाटे ज्याच्याकडून माल उचलायचा तो अडत्या तर नाणे दिसताच मान फिरवतो. गिऱ्हाईक मात्र मेथीच्या जुडीचे पैसे नाण्यातच देते, आणि माय ते घेते. मी एकदा तिच्यावर चिडलो, तेव्हा तिने मलाच विचारले, "गिऱ्हाईकले नही कसं म्हनू?"

या प्रश्नात जे अर्थशास्त्र आहे ते माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हते. नाकारलेले नाणे कुठे नाहीसे होत नाही. ज्याला नाही म्हणण्याची ताकद आहे त्याच्यापासून ते दूर सरकते आणि ज्याला ती नाही त्याच्याकडे साचत जाते. आमच्याकडे ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साचत होते.

मी बाहेरगावी टंकलेखनाच्या एका खासगी वर्गाला जातो. त्या वर्गाचा दुसरा हप्ता होता १,३६० रुपये, आणि भरण्याची शेवटची तारीख होती. घरात नोटा नव्हत्या. मायने डबा माझ्यापुढे ओतला. आप्पांनी सवयीने पिशवी काट्यावर ठेवली, तर एक किलो आणि वर पन्नासेक ग्रॅम भरले.

खिडकीवरच्या गृहस्थांनी पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, "चिल्लर चालणार नाही. नोटा आण, नाहीतर मोबाईलवरून भर." माझ्या मोबाईलच्या खात्यात त्या दिवशी बावीस रुपये होते. मला आमच्या ग्रंथालयातील जुने पुस्तक आठवले आणि मी धीर करून म्हणालो, "साहेब, रुपया आणि त्यावरची नाणी अमर्यादित विधिग्राह्य असतात." ते म्हणाले, "कोणत्या कायद्यात लिहिलंय?" मला कायद्याचे नावही सांगता आले नाही. मागे रांग होती. मी बाजूला झालो.

बसस्थानकाजवळ एका दुकानदाराला विचारले, तर तो नाण्यांच्या बदल्यात नोटा द्यायला तयार झाला. पण देणार १,३०० रुपये. "साठ रुपये माझे," तो सरळ म्हणाला. मी दिली नाहीत. तारीख उलटली आणि पन्नास रुपये दंड बसला. आप्पा हिशेबाला पक्के. म्हणाले, "साठ जायचे ते पन्नासच गेले. दहा वाचले, म्हणजे एक नाणं." पण मला ते हसण्यावारी नेता आले नाही. म्हणून हा लेख.

त्या दुकानदाराने जे मागितले त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे : बट्टा. आज आपण 'नावाला बट्टा लागला' एवढेच म्हणतो, पण मूळ गोष्ट सराफाच्या पेढीवरची. पेशवाईत आणि तिच्यानंतरही काही काळ आपल्या मुलुखात एकच एक रुपया नव्हता. पुण्याकडचा अंकुशी रुपया निराळा, आणि आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर चांदवडचा रुपया निराळा. चांदवडला होळकरांच्या काळात टांकसाळ होती, ती १८३०च्या सुमारास बंद पडली. प्रत्येक रुपयातली चांदी कमीअधिक, झीज कमीअधिक. म्हणून सराफ नाणे हातात घेई, वाजवून पाही, तोली, आणि त्यावर इतका इतका बट्टा कापून घेई. नाण्यावर छाप राजाचा असला तरी त्याची किंमत शेवटी सराफ ठरवी. आपल्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ सालचा. त्या किल्ल्याच्या सावलीतील बाजारात येणाऱ्या विणकराला किंवा कुणब्याला आपल्या हातातला रुपया म्हणजे नक्की किती, हे पेढीवर गेल्याशिवाय कळत नसणार.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांनी १८३५ साली कायदा करून कंपनीच्या सगळ्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन आणि मिसळ १५ ग्रेन. हे १८० ग्रेन म्हणजेच तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. माझी आजी अजूनही 'रुपयाभार चांदी' म्हणते. तिच्या बोलण्यातला हा शब्द कुठून आला, हे मला या वाचनात सापडले. नाणे इतके नेमके झाले की लोक त्याच्यावरच इतर वस्तू तोलू लागले. नाण्याचा दर्जा कायद्याने ठरवणे म्हणजे काय, हे याहून चांगले कोणत्याही व्याख्येत सांगता येणार नाही. वजन, धातू आणि आकार आधी लिहून ठेवायचे, टांकसाळीने त्याबरहुकूम नाणे पाडायचे, आणि मग ते कोणी तोलायचे नाही, फक्त मोजायचे.

अर्थात बट्टा एका दिवसात गेला नाही. आपल्या शेजारचे अजिंठा गाव निजामाच्या राज्यात होते आणि तिकडे हाली रुपया चाले. इंग्रजी सहा रुपये म्हणजे हाली सात रुपये असा हिशेब असे. हा वेगळा रुपया हैदराबाद भारतात सामील झाल्यावर १९५०च्या दशकात बंद झाला. म्हणजे माझी आजी लहान असताना डोंगर उतरून पलीकडे गेले की रुपया बदलत होता.

येथपर्यंत नाण्याची किंमत आणि त्यातल्या धातूची किंमत बरोबर चालत होती. १८९३ पूर्वी कोणीही आपली चांदी सरकारी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या काळात जगात चांदीचा भाव घसरत चालला होता. १८९३ साली सरकारने ही मुभा बंद केली, आणि रुपयाची किंमत चांदीपासून सुटी झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७च्या सुमारास चांदी जाऊन निकेलचा रुपया आला. पुस्तकी भाषेत 'प्रमाण नाणे' जाऊन 'सांकेतिक नाणे' आले. सांकेतिक म्हणजे ज्याची किंमत त्याच्या धातूवर नाही, त्याच्यामागच्या कायद्यावर आहे ते.

मग धातूला महत्त्व उरले नाही काय? उरले, पण उलट्या बाजूने. आता धातू नाण्याच्या किमतीपेक्षा महाग होता कामा नये, नाहीतर लोक नाणे वितळवतात. चिल्लर वितळवणे रोखण्यासाठी १९७१ साली वेगळा कायदा करावा लागला होता. २००७ साली आपली नाणी बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात अशा बातम्या आल्या होत्या. पाच रुपयांचे जुने जाड नाणे नऊ ग्रॅमचे होते, नंतरचे सहा ग्रॅमचे झाले. लोक म्हणतात सरकारने नाणी हलकी केली. ती हलकी केली म्हणूनच बाजारात टिकली, असे मला वाटते.

आज लागू असलेला कायदा म्हणजे २०११ सालचा नाणे अधिनियम. हा माझ्या हाती आमच्या प्राध्यापकांमुळे आला. झालेला प्रकार मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी सहानुभूतीचे दोन शब्द बोलण्याऐवजी अधिनियमाची छापील प्रत हातात ठेवली आणि म्हणाले, "आधी हे वाच. मग कोण चुकला ते ठरव." इंग्रजी कठीण, पण पाने थोडी. शब्दकोश घेऊन मी दोन रात्रीत ते वाचून काढले.

या कायद्याने १९०६चा जुना कायदा आणि त्याबरोबरचे १९७१च्या कायद्यासारखे काही किरकोळ कायदे रद्द करून सगळे एके ठिकाणी आणले. नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. हजार रुपयांपर्यंतच्या कोणत्याही किमतीचे नाणे ते पाडू शकते. धातू, आकार, नक्षी आणि प्रमाण वजन सरकार ठरवते, आणि वजनात किती फरक चालेल तेही ठरवून देते, कारण कोणतेही यंत्र एकसारख्या वजनाची लाखो नाणी पाडू शकत नाही. सरकारचे हे ठरवणे किती बारीक असते याचा नमुना म्हणून वीस रुपयांचे नाणे पाहा. २०१९ साली त्याची अधिसूचना निघाली. बाराकोनी, व्यास २७ मिलिमीटर, वजन ८.५४ ग्रॅम. बाहेरच्या कड्यात तांबे ६५ टक्के, जस्त १५ टक्के, निकेल २० टक्के, आणि मधल्या चकतीत तांबे ७५, जस्त २०, निकेल ५. घरी आईने खिचडीत किती मीठ टाकले हे तिला विचारून बघा, इतके नेमके उत्तर मिळणार नाही.

एक गंमत जाता जाता. एक रुपयाची नोट या कायद्याच्या व्याख्येत 'नाणे' आहे. कागदाची असली तरी ती भारत सरकारची. बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, आणि त्यांना वेगळा कायदा.

आता माझ्या भांडणाकडे येतो. ग्रंथालयातल्या पुस्तकात लिहिले होते की एक रुपया आणि त्यावरील नाणी कितीही रकमेसाठी विधिग्राह्य आहेत. पुस्तक त्याच्या काळापुरते खरे होते, कारण १९०६च्या कायद्यात तसेच होते. परंतु २०११च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमाने तेथे मर्यादा घातली. एक रुपया आणि त्याहून मोठी नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी, आणि अर्ध्या रुपयाचे नाणे दहा रुपयांपर्यंत. याहून लहान नाणे एक रुपयापर्यंत. शिवाय नाणे विद्रूप केलेले नसावे आणि ठरवलेल्या मर्यादेखाली झिजलेले नसावे. म्हणजे खिडकीवरचे गृहस्थ 'चिल्लर चालणारच नाही' म्हणाले ते चूक, आणि मी 'अमर्यादित' म्हणालो तेही चूक. माझ्या एकशे छत्तीस नाण्यांपैकी शंभर कायद्याने चालत होती, छत्तीस त्यांच्या मर्जीवर होती. ज्या गोष्टीचा मला इतका अभिमान होता, ती कित्येक वर्षांपूर्वी बदलून गेली होती. रांगेतल्या लोकांसमोर झालेल्या अपमानापेक्षा हे मला जास्त लागले.

अशी मर्यादा केवळ आपल्याकडे आहे असे नाही. इंग्लंडमध्ये एक आणि दोन पेनीची नाणी वीस पेन्सपर्यंतच विधिग्राह्य असतात. कारण उघड आहे. कोणी रागाने कोणाचे कर्ज पोते भरून चिल्लरीत फेडू नये.

'विधिग्राह्य' या शब्दाचा अर्थही मी पूर्वी ढोबळ धरून चाललो होतो. देणे फेडण्यासाठी ते नाणे पुढे केले असता घेणेकऱ्याला 'हे पैसे नव्हेत' असे म्हणता येत नाही, हा त्याचा गाभा. माझा हप्ता हे देणे होते, म्हणून तिथे हा शब्द लागू पडत होता. परंतु दुकानात बिस्किटाचा पुडा अजून घेतलेलाच नसेल, तर दुकानदाराने तो मला विकलाच पाहिजे असे नाण्याचा कायदा सांगत नाही. मोबाईलवर संदेश फिरतात की नाणे नाकारणाऱ्याला तुरुंग होतो. या अधिनियमात नाणे नाकारण्याबद्दल शिक्षेचे कलम नाही. त्यातली सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ती नाणे वितळवणाऱ्याला आणि नष्ट करणाऱ्याला. मायचा अडत्या नाणे वितळवत नाही, फक्त मान फिरवतो. कायद्याचे टोक तिथपर्यंत पोचत नाही, ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती कोणाकडे करावी हे या अधिनियमात लिहिलेले नाही.

दहाच्या नाण्यावरच लोकांचा इतका राग का? मला वाटते, त्याच्या रूपांमुळे. नाणे दोन धातूंचे, मध्ये पांढरे आणि भोवती पिवळे कडे. जुन्या नाण्यांवर रुपयाचे चिन्ह नाही, कारण ते चिन्हच सरकारने २०१० साली स्वीकारले. २०११ नंतरच्या नाण्यांवर ते आहे. काहींवर अंकाच्या वर पंधरा रेघा, काहींवर दहा. त्यातून अफवा उठली की दहा रेघांचे खरे आणि पंधराचे खोटे. २०१६च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि लोकांचे मन आधीच धास्तावले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही नाणी वैध आहेत. तरी अफवा थांबली नाही. १७ जानेवारी २०१८ रोजी बँकेने पुन्हा पत्रक काढून तोवर निघालेल्या चौदा नक्ष्यांची माहिती दिली आणि चौदाही चालतात असे स्पष्ट केले.

मी आमचा डबा पुन्हा ओतला आणि भिंग घेऊन बसलो. चौदांपैकी नऊ नक्ष्या सापडल्या. सालाच्या खाली बारीक खूण असते, तीवरून टांकसाळ कळते. चौकट उभी केल्यासारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि खूण नसेल तर कोलकाता. आमच्या डब्यात सर्वांत जास्त नाणी मुंबईची निघाली. आप्पा बाजूला बसून बघत होते. ज्या नाण्यांना ते इतके दिवस 'अडकलेली' म्हणत, त्यांत कोणते कोठून आले हे ते मला विचारू लागले.

डब्याच्या तळाशी आजीची काही नाणीही होती, पंचवीस पैशांची, आजीच्या भाषेत पावल्या. १९५७ साली दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तरी चार आणे आणि आठ आणे लोकांच्या तोंडून गेले नाहीत. ही पावली मात्र आज खरोखरच चालत नाही. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने बाद केली. आधी अधिसूचना काढली आणि बँकांतून बदलून घ्यायला मुदतही दिली. आजीला ते कोणी सांगितले नाही. नाणे मरते ते असे, राजपत्रात. बाजारातल्या कुजबुजीने ते मरत नाही. आणि गमतीची बाब अशी की पन्नास पैसे अजून कायद्याने जिवंत आहेत, पण मी लहानपणापासून ते कोणाला घेताना पाहिलेले नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या खिडकीवर गेलो. दंडासह १,४१० रुपये द्यायचे होते. शंभर नाणी पारदर्शक पिशवीत बांधून नेली, वरचे ४१० रुपये नोटांत, आणि सहाव्या कलमाचे पान वर ठेवले. गृहस्थांनी पान वाचले. काही बोलले नाहीत. नाणी मात्र दोनदा मोजली. पावती मिळाली. दंडाचे पन्नास परत मिळतील का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

छत्तीस नाणी उरली. ती बँकेत भरता आली असती, कारण हजार रुपयांची मर्यादा देणे फेडण्यापुरती आहे. खात्यात नाणी कितीही भरता येतात, आणि ती घेण्यास शाखांनी नकार देऊ नये अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्या सूचनांत एक वाक्य वाचून मला सराफाची पेढी आठवली. नाणी, विशेषतः एक आणि दोन रुपयांची, मोजण्याऐवजी वजनावर घ्यावीत किंवा शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्यावीत, असे त्यात म्हटले आहे. फरक इतकाच की येथे काटा किंमत ठरवत नाही, फक्त संख्या सांगतो.

पण माय म्हणाली, बँकेत कशाला? तिने मला २०१८च्या पत्रकाची प्रत छापून आणायला लावली. तिच्याखाली मी मोठ्या अक्षरांत मराठीत दोन ओळी लिहिल्या आणि आप्पांनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून काट्याजवळ टांगला. आता सुटे द्यायची वेळ आली की माय आधी दहाचे नाणे पुढे करते. गिऱ्हाईक कुरकुरले तर कागदाकडे बोट दाखवते. तिला तो वाचता येत नाही, पण त्यात काय आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले सांगता येते. काही जण घेतात, काही जण 'राहू दे, अजून एक जुडी दे' म्हणतात. अडत्याने अजून एकही घेतलेले नाही. डब्यात आज एकवीस नाणी आहेत.